डावीकडून येणाऱ्या गाड्या

साक्षात देव जरी शैलजा सबनीसच्या दारात उभा राहिला असता, तरी तिने आधी साखळी लावूनच दार उघडलं असतं. मिशिगनमधल्या नोव्हायच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी सोडून आतली पानं बघणारी ती एकटीच. दुधाच्या कॅनवरची तारीख वाचून झाली तरी ती झाकण उघडून वास घेणारच. नोकरीही देवाने तिला शोभेशी दिली होती. इन्शुरन्स कंपनीत लोकांचे अपघाताचे क्लेम वाचायचे आणि त्यात खोटं काय ते शोधायचं. बाईंना पगारच संशय घेण्याचा मिळतो, असं महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणत. शैलजाला त्याचं वाईट वाटत नसे. भोळ्या माणसाचं काय होतं ते ती रोज ऑफिसात वाचत होती.

एकाच माणसाला तिने या चाळणीतून वगळलं होतं, तिच्या नवऱ्याला. शंतनू पुण्याचा, स्वभावाने अगदी साधा. मोटारींच्या कंपनीत त्याचं काम कानाचं होतं. नवी गाडी बाजारात येण्याआधी तो तिच्यात बसून ऐकायचा. डॅशबोर्डमागे कुठे कुरकुर आहे, दाराची कुठली पट्टी वाजते, हे तो डोळे मिटून सांगायचा. घरात फ्रिजचा आवाज बदलला तरी त्याला झोपेतून जाग येई. असा माणूस काय लपवणार, असं म्हणून शैलजा लग्नानंतरची सगळी वर्षं निर्धास्त राहिली.

मग या उन्हाळ्यात फ्रान्स उपटलं.

शंतनूला सायकलचं वेड जुनंच. त्याच्याकडे ग्रॅव्हल बाइक होती, खडीच्या कच्च्या रस्त्यावर चालवायची जाड टायरांची सायकल. पण आता तो रोज संध्याकाळी लॅपटॉपवर फ्रान्सची खेडी उघडून बसू लागला. आकाशातून घेतलेले फोटो मोठे करकरून तो शेतांमधल्या पांढऱ्या रेघा शोधायचा. कालव्याकाठची पायवाट, बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग, द्राक्षांच्या मळ्यांमधून जाणारी खडीची वाट. एका रेघेला दुसरी जोडायची, आणि मध्ये कुठे डांबरी रस्ता आडवा आला की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

"हे कुठलं गाव?" शैलजाने एकदा मागे उभं राहून विचारलं. उत्तर नाही. खांद्याला हात लावल्यावर तो दचकलाच.

"गाव नाहीये गं. रूट प्लॅन करतोय. सप्टेंबरमध्ये एक आठवडा जाऊन येईन म्हणतो."

"जाऊन येईन? एकटा?"

"तुला बोअर होईल. तिथे काहीच नाहीये. शॉपिंग नाही, म्युझियम नाही, गाड्या तर अजिबात नाहीत. दिवसभर माणूस दिसत नाही."

"मग जायचं कशाला?"

"म्हणूनच," शंतनू म्हणाला, आणि पुन्हा पांढऱ्या रेघांत शिरला.

ते 'म्हणूनच' शैलजाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. लूव्र सोडून, आयफेल टॉवर सोडून, जिथे काळं कुत्रंही नाही तिथे माणूस का जातो? ज्याला कोणी बघू नये असं वाटतं तो. ऑफिसात तिने हे शंभरदा वाचलं होतं. कसलाही साक्षीदार नाही अशाच जागी लोकांचे अपघात होतात.

एकदा चाळणी हातात घेतली म्हटल्यावर खडे सापडणारच. शंतनूने पलंगावरची बाजू बदलली होती. खिडकीतून गार वारा लागतो म्हणे, भर जुलैत! फोन आला की तो गराजमध्ये जाऊन, दार लावून स्पीकरवर बोलायचा. ती स्वयंपाकघरातून काही म्हणाली तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आणि गाडीची किल्ली? पूर्वी लांबच्या ड्राइव्हला "तूच चालव ना, यार" म्हणून शेजारी झोपणारा हा माणूस आता ग्रोसरीलाही तिला स्टिअरिंग देईना. शिवाय हेल्मेटला त्याने एक चिमुकला आरसा लावून घेतला होता. मागे बघायला. मागून कोण येणार होतं?

तिने मुलीला फोन केला. रुही अॅन आर्बरला शिकत होती. "मॉम, इट्स अ बाइक ट्रिप," रुही म्हणाली. "बी नॉर्मल." फोन ठेवल्यावर शैलजाला लेकीचाही संशय आला.

खरा घाव घातला कादंबरीने. कादंबरी शैलजाची मंडळातली मैत्रीण आणि शंतनूच्या शनिवारच्या सायकल ग्रुपमधली. दोघी ग्रोसरीत भेंडी निवडत होत्या. शैलजा सहज म्हणाली, "काय गं, परवा किती उशीर केलात तुम्ही सगळ्यांनी? शंतनू दुपारी आला घरी."

कादंबरीच्या हातातली भेंडी हातातच राहिली. "शंतनू? अगं, तो कुठे येतो आमच्याबरोबर? मार्चपासून आलाच नाहीये. मला वाटलं, गुडघ्याचं काहीतरी झालंय."

शैलजाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण गाडीत बसल्यावर ती शनिवार मोजू लागली. इतके शनिवार हा माणूस हेल्मेट घालून, बाटलीत पाणी भरून, तिला "ग्रुपबरोबर जातोय" असं सांगून बाहेर पडत होता. तिला राग आला नाही, भीती वाटली. जगात एकच दार तिने साखळी न लावता उघडं ठेवलं होतं, आणि चोर तिथूनच आला, असं तिला वाटलं. हे खरं निघालं तर आता फ्रान्सचा प्रश्न नव्हता, संसाराचा होता.

पुढच्या शनिवारी तिने कादंबरीची बॅटरीवाली सायकल मागून आणली आणि एसयूव्हीत घातली. शंतनू निघाल्यावर जरा अंतर ठेवून तीही निघाली. तो गेला जुन्या रेल्वेमार्गावरच्या खडीच्या ट्रेलला. दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, रस्ता सपाट आणि मोटारींना मनाई. पार्किंगमध्ये त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. शैलजाने मनात म्हटलं, असेल पुढच्या वळणावर.

वळणावरही कोणी नव्हतं. शंतनू एकटाच चालला होता, आणि चालला होता तोही विचित्र. थोडं पॅडल मारायचं, आरशात बघायचं, मान वळवून मागे बघायचं, पुन्हा पॅडल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. ती झाडांच्या सावलीतून जवळ गेली. शेवटी तिला राहवेना. तिने हाक मारली, "शंतनू!"

त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तिने पुन्हा हाक मारली, ओरडूनच. बाकावरच्या एका म्हातारीने वळून पाहिलं. शंतनू मात्र तसाच पुढे. इतका बेमुर्वतपणा! आता शैलजाला खरंच राग आला. एवढ्यात तिच्या मागून एक तरुण जोरात आला. "ऑन युअर लेफ्ट!" तो ओरडला. मी डावीकडून पुढे जातोय, तुम्ही उजवीकडे राहा, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या ट्रेलवर शेंबड्या पोरालाही हा रिवाज ठाऊक. शैलजा बाजूला झाली. तरुण पुढे जाऊन पुन्हा ओरडला, "ऑन युअर लेफ्ट!" आणि नेमका त्याच क्षणी शंतनू एक खड्डा चुकवायला डावीकडे सरकला.

हँडलला हँडल लागलं. तरुण कसाबसा सावरला आणि "आर यू डेफ?" असं ओरडत निघूनही गेला. शंतनू खडीवर उजव्या कुशीवर पडला होता.

शैलजाने सायकल टाकली आणि धावली. त्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून ती विचारत राहिली, "लागलं का? शंतनू, कुठे लागलं?" तो कोपरातली खडी झाडत होता. ती आहे हेच त्याला कळलं नव्हतं. मग त्याने मान वळवली आणि तिला पाहून तो पांढराफटक पडला.

"तू? तू इथे काय करतेयस?"

त्या तरुणाने रागात विचारलेला प्रश्न तिच्या डोक्यात घुमत होता. पलंगाची बाजू, गराजमधला स्पीकरवरचा फोन, स्टिअरिंग. इथे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे शेजारचा माणूस येतो त्याच्या उजव्या कानाशी. सगळे खडे तिनेच वेचले होते. ते कशाचे, हे तेवढं तिला कळलं नव्हतं.

"डावा?" तिने स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं.

त्याने मान डोलावली. "फेब्रुवारीत. एका सकाळी उठलो आणि गेलेला. दोन डॉक्टर झाले. परत येणार नाही म्हणाले." मग तो थोडं हसला. "पुण्यात असतो तर निभावलं असतं. तिथे गाड्या उजवीकडून येतात."

"पुण्यात गाड्या सगळीकडून येतात," शैलजा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर रोज तपासलं असतंस. आज किती ऐकू आलं, उद्या किती. माझं पोट या कानांवर आहे, शैलू. ऑफिसात मी रोज स्वतःलाच तपासतो. घरी तरी कोणी तपासू नये असं वाटलं." त्याने आरसा वाकडा झाला होता तो सरळ केला. "ग्रुपमध्ये सगळे बोलत बोलत चालवतात, मला निम्मं कळत नाही. सायकलवर उजव्या कानात नुसता वारा भरतो, रस्त्यावर ट्रक अंगावर आला तरी समजत नाही. मला एकदा, फक्त एकदा, मागे न बघता सायकल चालवायचीय. तेवढ्यासाठी तो रूट शोधत होतो."

शैलजाला तो बोल लागला. बाहेरच्या कोणी संशयी म्हटलं तर ती मिरवायची. हे तसं नव्हतं. आपल्या डोळ्यांना भिऊन नवरा आपलं दुखणं घेऊन गराजमध्ये लपला, याची तिला मनापासून लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात कादंबरीकडे पॉटलक होता, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. शंतनूच्या डावीकडे संजय येऊन बसला. संजय त्याच्याच कंपनीतला, जरा आगाऊ. त्याने काहीतरी विचारलं. शंतनू शांतपणे पावभाजी खात राहिला. संजयने पुन्हा विचारलं, मग डोळे बारीक केले. ते बारीक झालेले डोळे शैलजाने खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखले. रोज आरशात दिसायचे तिला.

"अरे संजय, त्याला काय विचारतोस?" ती ताट घेऊन मोठ्याने म्हणाली. "तो जूनपासून फ्रान्समध्ये आहे. इथे फक्त जेवायला येतो. आणि ऊठ बघू, ती खुर्ची माझी."

सगळे हसले. संजय उठला. क्लेममधलं खोटं पकडण्यात जिची हयात गेली, त्या बाईने आयुष्यातलं पहिलं बेमालूम खोटं बोलून टाकलं आणि नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसून पाव मागून घेतला.

निघताना शंतनूने आपणहून किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. ती दुसऱ्या बाजूने गेली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"ऑफिसात सांगावं लागेल," रस्त्याला लागल्यावर शंतनू म्हणाला. "संजयला आज ना उद्या कळणारच."

"सांग. मी आहे. आणि फ्रान्सची तिकिटं दोन काढ."

"तुला जमेल? दिवसभर खडीवर? तिथे काहीच नाहीये, शैलू."

"मी तुझ्या मागून, डाव्या अंगाने चालवीन. तो आरसा काढून टाक. मागे बघायचं काम माझं." तिने सीट बेल्ट नीट केला. "आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

हे ती हळूच म्हणाली होती, बाहेर बघत. पण ती त्याच्या उजवीकडे बसली होती, त्यामुळे शंतनूला सगळं ऐकू आलं.