डब्यातली विचारपूस

सावली गावच्या बसस्टँडजवळ मन्सूरचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला साधं स्टूलही नव्हतं. जागा नव्हती असं नाही. माणूस बसला की बोलतो आणि बोलला की काम राहतं, हे मन्सूरचं गणित. बंद पडलेला रेडिओ घेऊन कुणी 'कसं काय मन्सूरभाऊ' म्हणालं, तर हा रेडिओकडे बघून विचारायचा, "काय झालं?" गिऱ्हाईक सासऱ्याच्या आजारपणापासून सुरुवात करणार, तोवर यानं मागचे स्क्रू काढलेले असायचे. माणूस वाईट नव्हता. हातात जादू होती, मेलेला रेडिओ उठून गायला लागायचा. पण तोंडाचा भारी कंजूष.

त्याची बायको आबिदा म्हणायची, "तुमी बोलता का तार करता? शब्दाले पैसे पडते का?"

यावर मन्सूर "चहा" एवढंच म्हणायचा.

हळूहळू रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, तसा मन्सूर नागपूरहून जुनी पुस्तकं आणून इलेक्ट्रॉनिक चिपांचं काम शिकला. हातावर हात ठेवून बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतंच. दोन हजार तीन साली त्याला एक वेगळंच काम मिळालं. गडचिरोलीच्या आत, जंगलात एक छोटा दवाखाना होता. तिथली डॉक्टरबाई औषध लिहून द्यायची, नर्स समजावून सांगायची, पण पेशंट माडिया ही आदिवासी बोली बोलणारे. घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायचे, अर्धं मुळात कळलेलंच नसायचं. डॉक्टरबाईला हवा होता एक बोलका डबा, गावोगाव ठेवता येईल असा. खोकल्याचं चित्र असलेलं बटण दाबलं की खोकल्याच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते डबा माडियात सांगणार. तापाचं वेगळं, बाळंतिणीचं वेगळं.

मन्सूरनं डबा केला आणि झकास केला. मोठ्या कॉम्प्युटरात फायली सांभाळायला मोठा कारभार लागतो. इथे नखाएवढी चिप, आणि तिच्यात मन्सूरनं स्वतः लिहिलेली इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबलं का ते बघायचं, आवाज वाजवायचा, बॅटरी जपायची, बस्स. फायलींसाठी त्यानं चारच हुकूम ठेवले: उघड, वाच, लिही, बंद कर. बटणानं नुसतं म्हणायचं, खोकल्याची फाईल उघड. ती चिपमध्ये कुठे पडली आहे याची बटणाला फिकीर नाही. किराणा दुकानात आपण तूरडाळ मागतो, ती कुठल्या पिंपात आहे ते शेठ बघतो, तसंच हे. आणि आत मन्सूरनं सगळ्या फायलींना सारखे कप्पे पाडले होते. एका फायलीला दीड मिनिटाचा एक कप्पा. तो भरला की आवाज भरताना-वाजताना लागणारा लाल दिवा विझणार आणि लिहिणं, म्हणजे आवाज भरणं, थांबणार.

"दीड मिनिटात मानूस सगळं सांगू शकते," तो डॉक्टरबाईला म्हणाला. तो स्वतः सांगू शकत होता, हे खरंच होतं.

आवाज द्यायला आली बुधरीबाई. नदीपलीकडच्या गावची म्हातारी सुईण, पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ती माईकसमोर मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि बोलायला लागली. मध्येच लाल दिवा विझला. मिटल्या डोळ्यांना तो दिसणार कसा? म्हातारी मनसोक्त बोलली आणि उठली. नर्स निशा पोंभुर्ण्याची, नुकतीच आलेली, तिचं माडिया मीठ-पाणी मागण्यापुरतं. तिनं सुरुवात वाजवून बघितली, आवाज खणखणीत होता. डबे गावोगाव गेले.

नाल्यापलीकडच्या एका पाड्यावर पोचू नावाचा माणूस राहायचा. त्याला खोकल्याचा मोठा आजार, टीबी, गोळ्या महिनोन्महिने चालणाऱ्या. तो रोज डबा ऐकायचा आणि गोळ्या घ्यायचा. अंगात ताकद आली, खोकला थांबला, म्हणून त्यानं गोळ्याही थांबवल्या. पावसाच्या तोंडाला तो दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टरबाईनं माडिया जाणणाऱ्या स्वयंपाकिणीला बसवून डबा ऐकवला. बुधरीबाई आधी विचारत होती जेवलास का, मग आईचा गुडघा, मग मोहफुलं, मग थोडं गोळ्यांचं, पुन्हा बकरी व्याली का, आणि तिथेच सगळं संपलं. 'बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नकोस' हे शेवटचं वाक्य कप्प्याच्या बाहेर सांडून गेलं होतं.

"गप्पा काढून टाका," डॉक्टरबाई म्हणाली. "फक्त औषधाचं सांगा."

मन्सूरच्या मनातलंच बोलली ती. बुधरीबाईला पुन्हा बसवलं. ती सांगितलं तेवढं एका दमात डब्यात बोलली, उठली, आणि नदीला पाणी चढायच्या आत आपल्या गावी निघून गेली. मन्सूर सावलीला परतला. काम फत्ते झालं असं त्याला वाटलं.

भर पावसाळ्यात निशाचा फोन आला. "मन्सूरभाऊ, डबा बिघडला वाट्टे. पोचूभाऊ गोळ्या घेऊन नाई राह्यला. मी सांगतो तं आयकत नाई. डॉक्टरबाई म्हणते, यावेळी सुटल्या तं मंग औषधच लागू पडनार नाई. जिवावर बेतन त्याच्या."

मन्सूर निघाला. एक बस, दुसरी बस, मग निशाबरोबर चिखलातून पायी. वाटेत दोन पाऊलवाटा फुटत होत्या तिथे एकीवर हिरवी डहाळी आडवी टाकली होती. "ह्या वाटेनं जायचं नाई," निशा म्हणाली. "पुढं गेलेले लोक मागच्यासाठी टाकून ठेवते." मन्सूरनं मान हलवली. त्याच्या डोक्यात डबाच होता.

पोचू ओसरीवर टेकून बसला होता. याला बघून त्यानं खाट पुढे सरकवली. "बसा, भाऊ."

"नाई. परतीची गाडी हाये. डबा दाखवा."

खोकल्याचं बटण दाबलं. बुधरीबाईचा आवाज स्वच्छ आला, शेवटच्या शब्दापर्यंत. "चांगला तं हाये," मन्सूर म्हणाला.

"डबा चांगला हाये," पोचू म्हणाला. तरुणपणी तो लाकूड डेपोत मजुरीला होता, मराठी बोलायचा. "मावशी रागावली माह्यावर."

"कोण मावशी?"

"बुधरी. तिचं छप्पर शाकारायले गेलो नाई उन्हाळ्यात. खोकला होता, काय करू? पयले रोज इचारे, जेवला का, माय कशी हाये. आता नुसती म्हणते, गोळी घे. आमच्याइकडं असं कोन बोलते, मालूम हाये? ज्याच्याशी नातं तुटलं, त्याच्याशी. मंग तिनं सांगितलेली गोळी काऊन घेऊ मी?"

"थे रागावली नाई. आम्हीच गप्पा काढाले लावल्या."

"तुमी वळखता तिले?"

मन्सूरनं म्हातारीचा आवाज दोनदा डब्यात भरला होता, पण तिचं गाव कोणतं हेही कधी विचारलं नव्हतं. तो ज्याला गप्पा म्हणत होता, तीच तर सही होती त्या आवाजाखालची. ती खोडून टाकली आणि वर म्हणतो डबा चांगला आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कमी बोलण्याची लाज वाटली.

पोचूचा डबा घेऊन परत येताना तो डहाळीपाशी थांबला. पुढच्या फाट्यावर आणखी एक होती, त्याच्यापुढे आणखी एक. वाट किती लांब, हे कुणी आधी ठरवून ठेवलं नव्हतं. जिथे प्रश्न पडेल तिथे पुढचं तेवढं सांगून ठेवलं होतं.

सावलीला आल्यावर त्यानं दुकानाचं शटर अर्धं पाडलं आणि आतले कप्पे मोडले. नुसते मोठे केले असते तर ताप आणि बाळंतिणीला जागाच उरली नसती. त्यानं साऱ्या जागेचे बारीक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खूण ठेवली, पुढचं बोलणं कुठे आहे त्याची. थोडं बोलणाऱ्याला थोडे तुकडे, लांब बोलणाऱ्याला लागतील तेवढे. बाहेरचे चार हुकूम तेच राहिले. उघड, वाच, लिही, बंद कर. बटणांना आत काय उलथापालथ झाली याचा पत्ताही लागला नाही.

आबिदा जेवण घेऊन दुकानात आली. "एवढं काय चाल्लं?"

"म्हातारीले बोलू द्याचं हाये," मन्सूर म्हणाला. "पुरं."

आबिदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं लांब उत्तर तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पाऊस उघडला, नदीचं पाणी जरा उतरलं, तसे निशा आणि तो डोंग्यातून पलीकडे गेले. एव्हाना माडिया बऱ्यापैकी शिकलेल्या निशानं पोचूचं सगळं सांगितलं. बुधरीबाईनं कपाळाला हात लावला. मग पोचूचा डबा पुढ्यात ओढला आणि यावेळी डोळे उघडे ठेवून, लाल दिव्यावर नजर रोखून बोलायला लागली. मन्सूरला शब्द कळत नव्हता. दिवा विझत नाही ना, एवढंच तो बघत होता. म्हातारी बोलत होती, मध्येच हसत होती, एकदा तर मन्सूरकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

तिथून ते थेट पोचूच्या ओसरीवर आले. मन्सूर नेहमीसारखा दारात उभा राहिला. निशानं बटण दाबलं.

पोचूनं पहिलं वाक्य ऐकलं आणि डब्याकडे तोंड करून उत्तर दिलं. दुसऱ्यालाही दिलं. निशाला जमेल तेवढं ती कुजबुजत सांगत होती. "जेवला का म्हणते. हा म्हणते, जेवलो. मायचा गुडघा इचारते. छप्पर झालं म्हणते, जावयानं शाकारलं, तू त्याचा घोर करू नोको." पोचूनं पंच्याच्या टोकानं डोळे पुसले. मग गोळ्यांचं आलं, आणि मग ते सांडलेलं वाक्य, बरं वाटलं तरी सोडू नकोस. पोचूनं आत हाक मारून पाणी मागवलं, गोळी तोंडात टाकली आणि गिळली.

आवाज अजून चालूच होता.

"आता काय म्हणते?" मन्सूरनं विचारलं.

निशा ऐकता ऐकता हसायला लागली. "तुमचंच हाये, भाऊ. म्हणते, डबेवाल्यानं मले कधी जेवली का इचारलं नाई, पन मी इचारते. थो दारातूनच परतते. पोचू, त्याले बसव. जेवल्याशिवाय जाऊ देऊ नोको."

पोचूनं खाट पुढे सरकवली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मन्सूरनं डब्याकडे बघितलं. दिवा लागलेलाच होता, म्हातारीचं बोलणं संपायचं होतं. त्यानं चपला काढल्या आणि तो बसला.