ह्यांचा ‘टाउन’

आमच्या ह्यांनी अख्खी हयात एका शब्दापायी घालवली, असं मी चारचौघांत म्हणायचे. ‘टाउन’. हे कॅनडात ओटावाला जुन्या युरोपीय भाषा शिकवायचे आणि घरी, शहराच्या कडेला कनाटाला, मी पोळ्या लाटत असले की पाठीशी उभं राहून सुरू. “अगं, आयरिशमध्ये ‘दून’ म्हणजे किल्ला. जर्मन मंडळींनी तो शब्द बहुधा केल्ट लोकांकडून उचलला. त्यांचं ‘त्साउन’ म्हणजे कुंपण. डच लोकांनी त्याची बाग केली, इंग्रजांनी कुंपणाआतलं गाव!”

“बरं, आता ताटं घ्या,” मी म्हणायचे.

मार्चमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. हॉस्पिटलात फॉर्म भरायला मिळाला. भाषा कोणती? दुभाषा हवा का? मी ठसक्यात ‘इंग्लिश’वर खूण केली आणि दुभाष्याला नाही म्हटलं. पन्नास वर्षं इथे काढली, ह्यांनी गोऱ्यांच्या पोरांना त्यांचेच शब्द शिकवले, आणि आम्हाला दुभाषा? हट्! कसली मेली मिजास ती.

मग ह्यांची बोलण्याची टेस्ट झाली. चांगली झाली तर रिहॅबमध्ये, म्हणजे पुन्हा बोलायला-चालायला शिकवतात तिथे, बेड आणि नंतर घर, नाहीतर नर्सिंग होमची वेटिंग लिस्ट. तपासणारी मुलगी गोड होती. ती चित्रं दाखवून इंग्लिशमध्ये विचारत होती आणि हे गप्प. शेवटी घरं, चर्च, रस्ता असं एक चित्र आलं. ह्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि अडखळत मराठीतच म्हणाले, “किल्ला... कुंपण... बाग... गाव.”

मी उडालेच. “बरोबर आहे! ही इज राइट!” मुलीने हळूच हात वर केला. घरच्यांनी सांगितलेलं धरता येत नाही, म्हणाली. दुभाष्यासाठी पुन्हा अप्लाय करा, दोनतीन आठवडे लागतील. बेडचं मात्र शुक्रवारीच ठरणार होतं. मी हातापाया पडायची बाकी राहिले. तिचेही डोळे भरले, पण फॉर्मवर माझीच सही होती.

शुक्रवारी बेड दुसऱ्याला मिळाला.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज दुपारी मी गेले की विचारतात, “सगळं बरोबर सांगितलं ना गं मी?”

“हो, सगळं बरोबर सांगितलंत.”

“मग घरी का नेत नाहीस?”