अक्काला बोटीवर बसवलं

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि दर दोन वर्षांनी तंजावूरला येऊन आम्हांला लहान करून जाऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा तिच्याकडे फोटोंचा अल्बम होता. कॅरिबियनमधलं एक बेट, हिरवंनिळं पाणी, तोंडाला काचेचा मुखवटा लावून तळाशी पोहणारी तिची मुलं आणि नवरा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरात सगळे नातेवाईक जेवायला जमले होते. अल्बम हातोहात फिरत होता.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिनं विचारलं, "मावशी, मला नेशील एकदा?"

अक्का मोठ्यानं हसली. "तुला? तुझी आई विहिरीत वाकून बघायला भिते! तुम्हां लोकांना काठावरच बरं."

सगळे हसले. माझे यजमानसुद्धा. मुलीनं अल्बम बंद करून खाली ठेवला आणि मोर कुळंबू, आमची ताकाची कढी, आणायच्या निमित्तानं आत गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

त्या दिवशी मी ठरवलं. रागाच्या भरात नाही, अगदी शांतपणे. त्याच बेटावर जायचं. मी शाळेत भूगोल शिकवायची. दुसऱ्या दिवशी वर्गातला ॲटलास उघडून ते बेट शोधलं. शाईचा ठिपका पडावा एवढंच होतं.

मुलगी शिकली, संगणकाच्या नोकरीवर अमेरिकेत गेली. आमच्या गल्लीतून त्या वर्षांत घरटी एखादं पोर जातच होतं. दशक सरता सरता ती फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही दोघं या. नायगारा बघू."

"नायगारा नको." मी बेटाचं नाव सांगितलं.

ती म्हणाली, "तुला पोहता कुठं येतं?"

"येईल."

माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई तमिळ होत्या, कॉलेजात असताना पोहण्याच्या शर्यती जिंकलेल्या. त्यांच्यापुढे मी मन मोकळं केलं. त्यांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. "मग शिकाल," त्या म्हणाल्या. "राग असला की माणूस बुडत नाही." दर शनिवारी आम्ही दोघी पॅसेंजरनं जवळच्या पापनाशम गावाला जायचो. तिथं माझ्या दिराच्या शेतात पंपसेटखाली मोठी टाकी होती, गळ्यापर्यंत पाणी. सलवार आणि यजमानांचा जुना शर्ट घालून मी त्यात उतरायची. पहिले चार शनिवार नुसतं तोंड पाण्यात घालणं. नाकात पाणी गेलं की खोकत वर यायची, अक्काचं हसणं आठवायची, पुन्हा तोंड बुडवायची. शेतावरच्या बायका बांधावर बसून बघायच्या. चार महिन्यांनी मी टाकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगी ब्राउझिंग सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटच्या दुकानाच्या, पत्त्यावर मेल पाठवायची, ते मी छापून फाइलला लावायची. डायव्हिंगवाल्यांचा एक फॉर्म आला. कान कसे, दमा आहे का, हृदय कसं. आमचे कानाचे डॉक्टर तो वाचून म्हणाले, "अम्मा, या वयात लोक काशीला जातात." मी म्हटलं, "आधी सही करा." व्हिसासाठी मद्रासला दोन खेपा झाल्या. यजमान कुरकुरत आले, पण आले.

एवढी तयारी झाल्यावर एक दिवस भाचीनं, म्हणजे अक्काच्या मुलीनं, माझ्या मुलीला फोनवर सहज सांगितलं, "आमची अम्मा तिथं कधीच पाण्यात उतरली नाही. तिला फार भीती वाटते. ती किनाऱ्यावर बॅगा सांभाळत बसायची."

मला कळलं तेव्हा आधी संताप आला, मग इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोनदा जेवले. आणि संध्याकाळी अक्काला पत्र लिहिलं. आम्हां तंजावूरच्या मराठी लोकांची पत्रं मराठीत, पण अक्षरं तमिळ. 'तुझ्याशिवाय कशी मजा येणार? तूही ये. आपण दोघी बरोबर उतरू.' एकेक शब्द मी तासून लिहिला. नाही म्हटलं तर भीती उघडी पडणार होती. हो म्हटलं तरी पडणारच होती.

ती आली. एकटीच.

बोट प्रवाळाच्या खडकांच्या रांगेपाशी थांबली. पाठीवर हवेचं नळकांडं बांधलेल्या शिक्षकानं विचारलं, कोण कोण उतरणार? मुलगी उभी राहिली, मी राहिले. यजमान कमरेला तरंगता पट्टा बांधून काठीसारखे ताठ उभे. अक्का बाकाची कड घट्ट धरून बसली होती.

"अक्का, चल ना," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

"आज डोकं दुखतंय."

"राहू दे. तुला काठावरच बरं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला आठवलं की नाही, मला कळलं नाही. मी बांगड्या काढून तिच्या ओंजळीत दिल्या आणि शिक्षकाचा हात धरून खाली गेले.

वर आल्यावर तिनं विचारलं, "काय दिसलं?" तिला लागावं म्हणून मी काहीच सोडलं नाही. पोपटी मासा खडक कुरतडत होता, त्याचा आवाजसुद्धा येत होता. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या हातांमधून गेला. ती तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. "पुन्हा सांग," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी हॉटेलात तिच्या खोलीवरून जाताना आतून तिचा आवाज आला. ती कुणा मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "खडक कुरतडताना आवाज येतो गं. आणि पिवळ्या पट्ट्यांचे तर माझ्या हातांमधून गेले!"

दार ढकलून आत जावं, असं फार वाटलं. गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला पुन्हा सगळ्यांदेखत बाकावर बसायला लागू नये म्हणून, तिला न उठवताच आम्ही तिघं बोटीवर गेलो.