मुका सिग्नल

"तो आवाज बंद करून टाक," म्हणत साहेबांनी फोन ठेवला, तेव्हा मी प्रताप नगरच्या एका चौकात शिडीवरच होतो.

ट्रॅफिक सिग्नलची देखभाल करणाऱ्या खासगी कंपनीत मी सुपरवायझर आहे. त्या चौकात आम्ही ऑडिबल सिग्नल बसवला होता. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, की खांबावरचा छोटा स्पीकर टकटक करतो. ज्यांना दिवा दिसत नाही, त्यांनी आवाज ऐकून रस्ता ओलांडायचा.

तक्रार कोपऱ्यावरच्या देशकर काकांची होती. ते निवृत्त अधिकारी. टकटकीनं दुपारची झोप मोडते म्हणाले. त्याच चौकात बुलेटचे फटाके वाजतात, भंगारवाला भोंगा लावून फिरतो. त्यांच्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. भंगारवाल्याचं ऑफिस नसतं, तक्रार नेणार कुठं?

मी स्पीकर बंद केला.

त्याच आठवड्यात मेश्राम मॅडमचा फोन आला. त्या जवळच्या शाळेत संगीत शिकवतात. जन्मापासून दिसत नाही. रोज एकट्या येतात-जातात.

"भाऊ, सिग्नल मुका काहून झाला?"

"तक्रार आली मॅडम."

"मले आज मोटारसायकलनं उडवलंच असतं. काठी चाकाखाली गेली, मी वाचली. माझी तक्रार कुठं देऊ?"

मी फोन ठेवला. लगेच साहेबांकडे गेलो.

"लेखी आली का?" साहेब.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी ई-मेल केला. साहेबांनी तो नीट वाचला. "एक म्हणतो बंद करा, एक म्हणते चालू करा. म्हणजे बरोबरी झाली. आहे तसं राहू दे."

मग मी देशकर काकांच्या घरी गेलो. म्हटलं, दुपारी आवाज कमी ठेवतो, पण चालू राहू द्या.

"त्या बाईनं सोबत कोणाले तरी घेऊन निघावं ना," काका म्हणाले. चहा चांगला होता. मी अर्धा कप ठेवून उठलो.

काही दिवसांनी काका स्वतःच ऑफिसात आले. कोपराला पट्टी होती. मोबाईलवर नातवाचा व्हिडिओ बघत बघत रस्ता ओलांडायला निघाले, ते ऑटोवर आदळले.

"अहो, आवाजच नाही आला तर माणसाले समजन कसं गा?" ते साहेबांवर ओरडले. "पहिले मी टकटक ऐकूनच निघत होतो! चालू करा तो!"

संध्याकाळच्या आत स्पीकर सुरू झाला. आदेशात कारण होतं, 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी'. मॅडमचा त्यात उल्लेखही नव्हता. मी फोन करून त्यांना तो वाचून दाखवला, काकांचं मोबाईल आणि ऑटोचं प्रकरणही सांगितलं. वाटलं, चिडतील. त्या खूप वेळ हसल्या.

"जाऊ द्या भाऊ. काकांले म्हणा, मोबाईल पाहतच राहा."

आता अशा सिग्नलचा प्रस्ताव लिहिताना, ज्यांना दिसतं त्यांचा फायदा मी पहिल्या ओळीत टाकतो. मंजुरी लवकर येते.