वालबुर्गा कुणाला कुठला खेळ देते

वालबुर्गा पिओन्टेक माझी शेजारीण. खाणकामगारांच्या वसाहतीत आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे तिनं नळ सोडला की मला कळतं आणि मी शिंकले की तिला. एकोणतीस वर्षं तिनं खाणीच्या कॅन्टीनमध्ये वाढायचं काम केलं. माणसानं ताटात काय टाकलंय ते बघून ती सांगायची, याचं आज घरी वाजलंय, याला पोराची काळजी लागलीय. खाण बंद झाली, कॅन्टीनही गेलं, आणि एवढी तयार झालेली नजर बिनकामाची पडली.

मग एका हिवाळ्यात घरातला हीटर बिघडला, म्हणून ती उबेला गावच्या वाचनालयात जाऊन बसली. तिथं घरी न्यायच्या खेळांचं कपाट आहे. तिनं एक खोका उघडला, तर सोंगट्या कमी. दुसऱ्यात फासा नाही. तिसऱ्यात कुणाच्या तरी सदऱ्याची बटणं. दुसऱ्या दिवशी बाई केकचं पीठ तोलायचा काटा पिशवीत घालून हजर! एकेक खोका पुरा भरला, तोलला आणि झाकणाच्या आत वजन लिहिलं. तेव्हापासून खोका परत आला की आधी काट्यावर चढतो. दोन ग्रॅम कमी भरले की ही म्हणते, "एक लाकडी माणूस राहिलाय तुमच्याकडे. सोफ्याखाली बघा." आणि तो असतो सोफ्याखालीच. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. म्हणूनच तिला कुणी काढूही शकत नाही.

बुधवारी मीही तिच्याबरोबर जाते. मी आठवीतून उठून धुलाईखान्यात लागलेली, मला बारीक अक्षरांचा कंटाळा. पण तिथली कॉफी बरी असते, आणि ऐकायला चष्मा लागत नाही.

लोक येऊन विचारतात, यातला चांगला खेळ कुठला? वालबुर्गा उलट विचारते, "तुमच्या टेबलावर रुसणारं कोण?" आजोबा रुसत असतील तर फाशांचा खेळ, हरले तरी शिव्या फाशांना. नवराबायको दोघंही रुसत असतील तर अर्ध्या तासात आटपणारा. कुणीच रुसत नाही म्हणणाऱ्याकडे ती जरा जास्त वेळ बघते.

मार्चच्या सुरुवातीला डेटलेफ निहोफ आला. अग्निशमन दलात नव्या पोरांना शिकवणारा माणूस, खांदे दारात अडकतील असे. टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"रुसणारं कोण?"

"योरिंडे. स्वांट्येची मुलगी. तेराची आहे." मग सगळंच बोलला. स्वांट्ये त्याची मैत्रीण, वर्षभरापूर्वी तो तिच्या घरी राहायला गेला. पोरगी त्याच्याशी सरळ बोलतच नाही. तो समोर असतानाही म्हणते, मम्मी, त्याला सांग दार लाव. बाप ब्रेमेनला असतो. ईस्टरची सुट्टी संपेपर्यंत पोरीनं ठरवायचं होतं, इथं राहायचं की बापाकडे. "ती गेली तर माझ्यामुळे गेली. स्वांट्ये तसं म्हणणार नाही. पण मला कळतं ना."

वालबुर्गानं फार विचार न करता डोंगरात अडकलेल्यांना सोडवायचा खेळ काढला. "हा सगळ्यांनी मिळून खेळायचा. जिंकलात तर सगळे, हरलात तर सगळे. रुसायला जागाच नाही."

पुढच्या बुधवारी खोका परत. काट्यावर ग्रॅमला ग्रॅम.

"कसं झालं?"

"जिंकलो," तो म्हणाला. तोंड मात्र तेरवीचं.

"आणि पोरगी?"

"अर्ध्यातून उठून गेली."

"मग जिंकलं कोण हो?"

तो हळूच म्हणाला, "मी फक्त सांगत होतो, कुणी कुठं जायचं. दोरी तिच्याकडे होती आणि ती भलत्याच कड्यावर चाललेली. माणसं मेली असती!"

"लाकडाची," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

वालबुर्गा मात्र हसली नाही. खुर्चीत बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी. रुसणारं कोण ते विचारलं, हुकूम सोडणारं कोण ते विचारलंच नाही. आगीच्या बंबावरच्या माणसाला मी सुटकेचा खेळ दिला! मांजराला दूध राखायला बसवलं."

मग तिनं तीन खोके टेबलावर मांडले. आगगाडीचे रूळ टाकायचा पहिल्यांदा बाजूला सारला. "हा तोंड न उघडता खेळता येतो. गप्प बसणं तुमच्याकडे भरपूर आहे." शेतीचाही सारला. "यात ज्यानं त्यानं आपापलं अंगण राखायचं. तीन माणसं, तीन अंगणं. तेही तुमच्याकडे आहे." उरला बेटावर वस्ती करायचा, घराघरात असतो तो. "हा न्या. तुमच्याकडे विटांचे पत्ते येतील, तिच्याकडे लोकरीचे. तुम्हाला लोकर हवी असेल तर मागावी लागेल. तिला."

"हा मला येतो. आम्ही ड्यूटीवर खेळतो. मी तिला सगळं नीट समजावून—"

"नाही!" वालबुर्गा एवढ्यानं ओरडली की वर्तमानपत्र वाचणारे दोघं दचकले. "नियमांचं पुस्तक तिच्या हातात. वाचायचं तिनं, सांगायचं तिनं. तुम्ही कोरी पाटी."

"आणि तिनं चुकीचं सांगितलं तर?"

"तर चुकीचं खेळा."

आता आमच्या लोकांना हे सांगणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझे यजमान पत्त्यांत एकदा नियमावरून सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलले नव्हते. डेटलेफचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी जळत्या घरासमोर हात खिशात घालून उभं राहायला सांगितलंय. पण खोका उचलला त्यानं.

त्या आठवड्यात वालबुर्गाचं कामात लक्ष नव्हतं. शनिवारी माझ्याकडे आलूबुखाऱ्याचा केक खायला आली आणि दोनदा तेच म्हणाली, "अगं, एकदा चुकले, परत चुकले तर पोरगी जाईल गं ब्रेमेनला." मी म्हटलं, पोरगी जायची तर तुझ्या खोक्यानं थांबणार आहे का? तर केक अर्धा ठेवून गेली. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची ताटं वाचणारी बाई, आणि स्वतःचं ताट माझ्यासमोर असं टाकून गेली.

बुधवारी डेटलेफ आला नाही. आली एक किडकिडीत पोरगी, केसांची एक बट हिरवी. खोका बगलेत.

"पिओन्टेकबाई कोण?"

"मी."

"एक विचारायचंय. फाशांवर सात पडले की लुटारू हलवायचा आणि समोरच्याचा एक पत्ता घ्यायचा. एकच ना?"

"एकच."

पोरगी लाल झाली. "मी दोन सांगितले. मुद्दाम नाही, ओळ चुकली वाचताना. मग पाच वेळा मी त्याचे दोन-दोन घेतले. तो भिकेला लागला! शेवटी लोकर द्या हो, लोकर द्या, करत होता. मम्मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली."

"आणि जिंकलं कोण?"

"मी, दुसरं कोण?" मग खोका टेबलावर ठेवत म्हणाली, "पण मम्मी म्हणते तो हाच खेळ कामावर खेळतो. म्हणजे त्याला माहीत होतं. मग तोंड का नाही उघडलं?"

"ते मला काय विचारतेस? त्याला विचार."

"विचारलं मी त्याला."

वालबुर्गाचा हात खोक्यावर होता, तिथंच राहिला. मी कॉफीच्या कपात बघायला लागले, चेहरा कुठंतरी ठेवायला हवा म्हणून.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, समजावणारी तू होतीस." पोरीनं खांदे उडवले. "येडाच आहे." हे मात्र तिनं असं म्हटलं, जसं घरातल्या माणसाला म्हणतात.

मग तिनं खिशातून स्वतःचं वाचनालयाचं कार्ड काढलं. "आता बरोबर नियमानं खेळायचंय. नाहीतर जिंकले ते खरं धरता येत नाही. परत नेऊ?"

"किती दिवस?"

"जास्तीत जास्त किती मिळतो?"

"चार आठवडे."

पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली आणि बोटानं एकेक बुधवार मोजत गेली. बोट ईस्टरवरून पुढं गेलं, सुट्टीच्या शेवटच्या दिवसावरूनही पुढं, आणि त्याच्या पुढच्या बुधवारावर थांबलं.

"चार द्या," ती म्हणाली.

वालबुर्गानं शिक्का मारला. खोका तोलायचा मात्र ती साफ विसरली, आणि मीही आठवण केली नाही.