धानात पुरलेली बॅटरी

चाळिशी उलटल्यावर मले रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलं. बायको म्हणे, "दोन लेकरं कमी होते का, आता तुम्ही तिसरे!" पण मी ऐकतो थोडीच? कारध्याच्या आमच्या घरून वैनगंगा ओलांडली की भंडाऱ्यात या गाड्यांचं एक लहानसं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायले कमी अन् हातानं हुशार. त्याच्याकडूनच मी गाडी आणली, अन् मंग हौसेनं जास्त ताकदीची बॅटरीही लावली.

दिवाळी झाली होती, धान घरात आलं होतं. शहाणपणा करून मी गाडी बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, पाळीवर पळवली. गेली ना थेट पाण्यात!

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, एवढी अक्कल मले होती. बॅटरी वेगळी केली अन् तांदळाच्या डब्याकडे निघालो, तर माय आडवी आली. "खायच्या तांदळात बोडीचा चिखल घालतं का रे? ढोलीत टाक." ढोली म्हणजे बांबूची, शेणामातीनं लिपलेली माणूसभर उंच कोठी, आमचं वर्षाचं धान तिच्यात. मले पटलं. धान काय अन् तांदूळ काय, एकाच घरचे! मायनंच स्टुलावर चढून, कोपरापर्यंत हात घालून, गाडी अन् बॅटरी दोन्ही धानात पुरल्या. दुपारची ती त्याच ढोलीले टेकून पडते.

तिसऱ्या दिवशी गाडी काढली, तर चालेच ना. बॅटरी आणखी वाळू दे म्हणून आतच राहू दिली अन् गाडी घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं गिअरचं झाकण उघडलं अन् पाहतच राहिला. दात्यांत कुसळं, अन् धानाचे दोन अख्खे दाणे.

"भाऊ, गाडी पेरली होती का?"

मी सारं सांगितलं. हसून हसून त्याले खोकला आला. डोळे पुसत त्यानं विचारलं, "अन् बॅटरी?"

"ढोलीतच आहे अजून."

त्याचं हसू गेलं. "फुगली होती का?"

"पाण्यातून काढली तेव्हा जराशी. मी अंगठ्यानं दाबून पाहिली, पण बसली नाही."

त्यानं स्क्रू काढायचा पेचकस खाली ठेवला. "ओली होऊन फुगलेली बॅटरी आपोआप पेटते, भाऊ. कधीही."

बापा रे, वर्षाचं धान! घरी फोन लावला, मायनं उचलला. मी ओरडलो, "माय, ती बॅटरी काढ ढोलीतून! आत्ताच्या आत्ता काढ, लवकर!"

दुकानदारानं फोन हिसकला. "मावशी, हात नका लावू! घराबाहेर निघा!" पण मायनं फोन ठेवून दिला होता.

"घरात आणखी कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही. मायच."

त्यानं पुन्हा घरी फोन लावला; नुसती घंटी वाजत राहिली. तेव्हा कुठे मले समजलं, की मी काय करून बसलो. मले धान आठवलं होतं, माय नाही. आगीत हात घाल, असं मीच तिले सांगितलं होतं. लाज वाटायलेही वेळ नव्हता.

रेतीनं भरलेला लोखंडी डबा घेऊन तो मागे बसला अन् मी मोटारसायकल पिटाळली. पुलावरून तो फोन लावून राहिला होता. कोणी उचलेना.

माय ओट्यावर बसली होती. हात कोपरापर्यंत धानाच्या धुळीनं माखलेले, अन् मांडीवर पदरात काहीतरी गुंडाळलेलं. बॅटरी! टम्म, पुरीसारखी फुगलेली. दुकानदारानंच ती अलगद उचलली, अंगणाच्या टोकाले डब्यातल्या रेतीवर ठेवली अन् मागे पळाला. आधी फुस्स करून पांढरा धूर निघाला, मंग गुडघाभर जाळ उठला.

माय जाळाकडे पाहून राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"जळलीच का रे?" ती म्हणाली. "फोनवर तू इतका घाबरला होता, मले वाटलं लय किमती वस्तू आहे तुझी. म्हणून तू येईपर्यंत म्या खाली ठेवलीच नाही."

मी तिच्या पदराले हात लावला. तो गरम होता.