जांभळ्या ज्योतीची करामत

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब बावीस वर्षं नुसती घाई करत आलेत. वायूत वीज सोडून थंड प्लाझ्माची जांभळी ज्योत काढली, कर्करोगाच्या पेशींवर दोन मिनिटं धरली, पेशी मेल्या आणि स्वारी मिरवत सुटली. त्या पेशी काचेच्या बशांत वाढवते मी. मी विचारलं, "साहेब, वीज बंद ठेवून नुसता वायू सोडून पाहिलंत का?"

"तुम्ही बशा धुवा," म्हणाले.

धुतल्या. मग पेशी असलेल्या एका बशीवर नुसता वायू सोडला. त्या झोताने बशीतला द्रव वाळला आणि पेशी तशाच मेल्या. बशी साहेबांपुढे ठेवली. सूक्ष्मदर्शकात डोकावून ते खुशीत ओरडले, "बघा, माझ्या ज्योतीची करामत!"

मी ॲप्रनच्या खिशातून ज्योतीच्या यंत्राची विजेची वायर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ही सकाळपासून माझ्याकडेच आहे."